टॅली, बिझनेस वनवाल्या पार्टनरनी डेटा रेप्लिकेशन महिन्याच्या सर्व्हिसमध्ये द्यावं का? भाव काय लावावा?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची छोटी कन्सल्टिंग फर्म आहे, टॅली आणि एसएपी बिझनेस वन ह्या हिशेब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरची कामं करतो, कस्टमर बहुतेक भोसरी, चाकण, रांजणगाव पट्ट्यातले. आत्तापर्यंत धंदा म्हणजे लायसन्सवरचं मार्जिन, इम्प्लिमेंटेशन आणि वर्षाची एएमसी म्हणजे देखभालीचा करार. लायसन्सवर आता फार काही सुटत नाही आणि एएमसी रिन्यूअलला प्रत्येक मालक घासाघीस करतो हे सगळ्यांना माहितीच आहे.

आता एक कस्टमर आहे, ऑटो पार्ट्सवाला. मोठ्या प्लांटला बिझनेस वन आहे एसक्यूएल सर्व्हर ह्या डेटाबेसवर, जुन्या गाळ्यात अजून टॅलीच चालतं, आणि स्पेअर्स विकायची वेबसाइट आहे तिचा डेटाबेस मायएसक्यूएल. मालकांना सकाळी एका स्क्रीनवर तिन्हीकडचं येणं, स्टॉक आणि डिस्पॅच बघायचंय. सध्या अकाउंट्समधल्या ताई तिन्हीकडून एक्सेल काढतात, व्हीलूकअप लावतात आणि शीट पोचेपर्यंत दुपार होते, तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात.

एका रेप्लिकेशन टूलवाल्या (म्हणजे डेटाची कॉपी सतत ताजी ठेवणाऱ्या) कंपनीचा माणूस भेटून गेला, पार्टनर व्हा म्हणतोय, टूल आमचं, कस्टमर तुमचा. ऐकायला बरं वाटतं. पण हे एकदाच बसवून पैसे घ्यायचं काम आहे का दर महिन्याला बिल लावायचं? किती लावायचं? आणि कुठे अडकायला होतं? ज्यांनी केलंय त्यांनी जरा मोकळेपणानं सांगा.

गोदाकाठचा_सर्व्हरवाला

आम्ही कस्टमरकडे रोज रात्री बॅकअप लावून देतोच, एक कॉपी नॅस म्हणजे नेटवर्क डिस्कवर एक क्लाउडवर. तेच रिस्टोअर करून रिपोर्टला जोडलं तर वेगळं टूल कशाला पाहिजे? उगाच कस्टमरच्या डोक्यावर अजून एक खर्च.

ताळमेळ

सर्व्हरवाले भाऊ, एकाच प्लांटचा डेटा असेल आणि कालपर्यंतचा चालत असेल तर तुमचा उपाय चांगलाय, कस्टमरला खरंच तेवढंच पुरत असेल तर तेच द्यावं. पण बॅकअप आणि रेप्लिका ह्या दोन गोष्टींची गल्लत करू नका आणि कस्टमरला तर अजिबात करू देऊ नका. रेप्लिकेशन म्हणजे मूळ डेटाबेसमध्ये जे झालं ते थोड्या वेळात कॉपीत पण होणार. कोणी चुकून आख्खं टेबल उडवलं तर तो डिलीट पण इमानदारीत कॉपीत जाऊन पोचतो. म्हणून रेप्लिका आहे म्हणून बॅकअप बंद करायचा नाही, आणि बॅकअप आहे म्हणून मालकाला सकाळी सातला कालच्या सेकंड शिफ्टचं डिस्पॅच दिसेल असंही नाही.

प्रोग्रामचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचं प्रकरण आठवत असेल बऱ्याच जणांना. ३१ जानेवारी २०१७. त्यांचं पोस्टग्रेस डेटाबेसचं रेप्लिकेशन मागे पडलं होतं, ते दुरुस्त करता करता इंजिनिअरनी सेकंडरीचं म्हणजे कॉपीचं समजून प्रायमरीचंच, म्हणजे मूळ डेटाबेसचंच, डेटा फोल्डर उडवलं. साधारण ३०० जीबी मधले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा डम्प म्हणजे बॅकअपची फाइल कित्येक दिवस होतच नव्हती, कारण डम्प घेणारं व्हर्जन ९.२ आणि डेटाबेस ९.६, आणि फेल झाल्याच्या ईमेल पण कोणापर्यंत पोचत नव्हत्या. शेवटी कोणीतरी टेस्टिंगसाठी सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट होता त्यावर निभावलं. रेप्लिकेशन होतं, बॅकअपची व्यवस्था पण होती, फक्त ती चालतेय का हे रोज बघणारं कोणी नव्हतं. इंद्रायणीकाठ, तुम्हाला जे विकायचंय ते हे रोजचं बघणं आहे. टूल तर कस्टमर स्वतः पण विकत घेऊ शकतो.

इंद्रायणीकाठ

हे पटलं. पण रोज बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं? टूलवाला म्हणाला एकदा सेट केलं की विसरून जा.

ताळमेळ

विसरून जा म्हणणाऱ्याला टॅलीतली बॅकडेटेड एंट्री दाखवा.

जरा सविस्तर लिहितो. बदल उचलायच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा. एक म्हणजे दर थोड्या वेळाने विचारायचं, बाबा रे मागच्या वेळेनंतर काय बदललं. दुसरी म्हणजे डेटाबेसचा लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, वाचायचा, ज्याला सीडीसी म्हणतात, मायएसक्यूएलचा बिनलॉग, पोस्टग्रेसचा वॉल, एसक्यूएल सर्व्हरचा ट्रान्झॅक्शन लॉग. लॉगवाल्या पद्धतीत डिलीट झालेलं पण कळतं. विचारायच्या पद्धतीत जी रो म्हणजे टेबलमधली ओळ आता नाहीच तिच्याबद्दल कोण सांगणार?

टॅलीला लॉगवाचन नाही, पोर्ट ९००० वर एक्सएमएलनी विचारावं लागतं. पुष्कळ जण तारखेवर फिल्टर लावतात, आजची व्हाउचर आण, कालची आण. आणि इकडे अकाउंटंट मागच्या महिन्यात जाऊन परचेस बिल टाकतो कारण सप्लायरचं बिल आत्ता आलं. तारीख जुनी, एंट्री आजची, तुमच्या कॉपीत ती कधीच येत नाही. त्यासाठी टॅलीत अल्टरआयडी असतो, व्हाउचर नवीन टाकलं किंवा बदललं की त्याला नवा मोठा नंबर मिळतो, मागचा सर्वात मोठा नंबर लक्षात ठेवायचा आणि त्यापुढचं सगळं उचलायचं, तारीख काही का असेना. एवढं केलं की बॅकडेटेडचा प्रश्न सुटतो.

मग राहतं डिलीट. ऑल्ट एक्सनी कॅन्सल केलेलं व्हाउचर नंबरासकट जागेवर राहतं, ते उचलता येतं. ऑल्ट डीनी उडवलेलं गेलंच. तुमच्या कॉपीत मात्र ते जिवंत असतं आणि मालकाच्या स्क्रीनवर त्या पार्टीचं येणं लाखभर जास्त दिसत राहतं. म्हणून रोज रात्री दोन्हीकडच्या व्हाउचरच्या जीयूआयडीच्या (न बदलणाऱ्या ओळख नंबरांच्या) याद्या समोरासमोर ठेवून जे टॅलीत नाही ते कॉपीत पण नाही असं करावं लागतं. हे कोणी करत नाही आणि मग मालक म्हणतो तुमचा डॅशबोर्ड खोटा आहे. एकदा मालकाच्या तोंडून हे वाक्य निघालं की ते सॉफ्टवेअर त्या कंपनीत मेलं, परत ताईंचं एक्सेल सुरू.

शिवाय टॅली चालू पाहिजे आणि कंपनी उघडलेली पाहिजे. संध्याकाळी कोणी शहाणपणानं टॅली बंद करून गेलं की रात्रीचं सिंक झोपलं. आख्ख्या वर्षाची व्हाउचर एकदम मागितली की समोरच्याची स्क्रीन अडकते, बिल काढणारा पोरगा शिव्या घालतो, त्यामुळे दिवसादिवसाचे तुकडे करून मागायचं. कंपनी स्प्लिट केली की नवीन कंपनी तयार होते, ती सिंकला कोणीतरी दाखवून द्यावी लागते. ह्यातलं काय काय विसरून जायचं ते टूलवाल्यालाच विचारा.

एसक्यूएल_आजोबा

ताळमेळ यांनी टॅलीचं सांगितलं, मी बिझनेस वनच्या बाजूचं सांगतो.

एसक्यूएल सर्व्हरचं सीडीसी २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून स्टँडर्ड एडिशनला पण मिळतं, आधी एंटरप्राइझच लागायची. एक्सप्रेसवर नाही. म्हणजे आधी कस्टमरकडे एडिशन कोणती ते बघा, मग कोटेशन द्या.

मोठी अडचण यूडीएफची, म्हणजे कस्टमरसाठी आपण वाढवलेल्या रकान्यांची. सीडीसी चालू करताना टेबलमध्ये जे कॉलम असतात तेवढेच ते पकडतं. पुढे डिस्पॅचवाल्यांनी सांगितलं इन्व्हॉइसवर ट्रान्सपोर्टरच्या गाडीचा नंबर पाहिजे, तुमच्याच फंक्शनल कन्सल्टंटनी पाच मिनिटात यूडीएफ टाकून दिला, डेटाबेसमध्ये कॉलम वाढला. सीडीसीला त्याचा पत्ताच नाही. एरर येत नाही, अलर्ट येत नाही, सगळं हिरवं दिसतं आणि रिपोर्टमध्ये गाडीचा नंबर येत नाही. त्यासाठी नवीन कॅप्चर इन्स्टन्स (टेबलचे बदल पकडायची नवी नोंदणी) बनवावा लागतो आणि एका टेबलला एका वेळी दोनच ठेवता येतात, म्हणजे नवीन करा, टूलला तिकडे वळवा, मग जुना काढा.

इथेच पार्टनरचा फायदा आहे बघा. बाहेरच्या टूलवाल्याला यूडीएफ टाकल्याचं कधी कळणार? तुमच्याच टीमनी टाकलाय, तुमच्या ऑफिसात एक नियम करा की यूडीएफची विनंती आली की रेप्लिकेशन बघणाऱ्या माणसाची सही झाल्याशिवाय ती पुढे जाणार नाही. कस्टमरच्या सिस्टीममध्ये उद्या काय बदलणारे हे आधी माहीत असणं, ही जमेची बाजू फक्त पार्टनरकडेच आहे.

अजून एक म्हणजे सीडीसीतले बदल डिफॉल्टला तीनच दिवस राहतात. दिवाळीला टूल ज्या मशीनवर आहे ते बंद करून सगळे घरी गेले आणि सर्व्हर चालू राहिला, वेबसाइटच्या किंवा डेपोच्या एंट्र्या चालू राहिल्या, तर भाऊबीजेनंतर येऊन बघाल तेव्हा मधले बदल साफ झालेले असतात आणि मग आख्खा डेटा पहिल्यापासून भरा. सुट्टीच्या आधी ती मुदत वाढवून ठेवा. मायएसक्यूएल ८ ला बिनलॉग डिफॉल्टला ३० दिवस राहतो पण ॲमेझॉनच्या आरडीएस ह्या क्लाउड डेटाबेसवर असेल तर रिटेन्शनचे तास स्वतः सेट करावे लागतात, नाहीतर तो लवकर उडवतो. पोस्टग्रेसचं उलटं, वाचणारा थांबला तर स्लॉट (तो कुठवर वाचला ह्याची खूण) वॉल धरून ठेवतो आणि डिस्क भरून मूळ डेटाबेसच बंद पडायची वेळ येते. व्हर्जन १३ पासून त्याला मर्यादा घालता येते, ती घालाच.

आणि बिझनेस वनच्या टेबलांवर ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) टाकून बदल पकडायचा मोह कोणाला झाला तर करू नका, एसएपीच्या सपोर्टच्या नियमात ते बसत नाही, पुढे सपोर्ट तिकिटाला हात वर करतील. सीडीसी चालू करायच्या आधी पण एकदा लेखी विचारून घ्या.

पंचगंगा_फाउंड्री

मी कस्टमरच्या बाजूचा माणूस आहे, कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत ईडीपी म्हणजे कॉम्प्युटरचं काम बघतो. तुमचं सगळं रिपोर्ट आणि डॅशबोर्डचं चाललंय, आमच्याकडे हा विषय पुरापासून सुरू झाला.

ऑगस्ट २०१९ ला हायवे दिवसचे दिवस बंद होता, पुणे बेंगलोर रोडवर ट्रकच्या रांगा, जुलै २०२१ ला परत तेच. सर्व्हर तसा उंचावर होता, पाणी लागलं नाही, पण लाइट नाही, जनरेटरला डिझेल आणायला रस्ता नाही आणि पुण्याच्या कस्टमरला मटेरियल कुठंवर आलंय सांगायला स्टॉकच बघता येईना. पेनड्राइव्हवरचा बॅकअप साहेबांच्या घरात आणि साहेबांच्या घराभोवती पाणी. तेव्हापासून मालकांना एकच कळतं, कोल्हापूरच्या बाहेर एक चालू कॉपी पाहिजे आणि ती मोबाइलवर बघता आली पाहिजे.

त्यामुळे पार्टनर लोकांना एक सांगणं, आमच्यासारख्याकडे आलात तर सीडीसी वगैरे नंतर सांगा. आधी दोनच प्रश्न विचारा. किती वेळाचा डेटा गेला तरी तुम्ही हातानं परत भरू शकता? आणि किती वेळ सिस्टीम बंद राहिली तर लाइन थांबते? आमचं उत्तर होतं पाळीभराच्या हीट नोंदी (भट्टीच्या प्रत्येक खेपेच्या) हातानं भरू, आणि डिस्पॅच अर्धा दिवस थांबला तर चालेल. एवढ्यावर पुढचं सगळं ठरलं, महागाचं काही घ्यावं लागलं नाही. आधी दुसरा एक जण येऊन गेलता, तो सेकंदाच्या आत सिंकचं कोटेशन देत होता. आम्हाला सेकंद काय करायचाय?

ताळमेळ

पंचगंगा, तुमची पोस्ट प्रत्येक सेल्सवाल्यानं वाचावी. आणि कॉपी कुठे ठेवताय तेही कस्टमरला नकाशावर दाखवा. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचं सेंट्रल इंडिया म्हणजे पुणं, ॲमेझॉनचं एक मुंबई आणि २०२२ पासून दुसरं हैदराबाद. कोल्हापूरवाल्याला पुण्यातली कॉपी चालेल, पण पुण्यातल्याच प्लांटला पुण्यातलीच कॉपी देऊन बाहेरगावी ठेवली म्हणणं बरोबर नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची आख्खी वीज गेली होती ते फार जुनं नाहीये.

जमाखर्च_ताई

मी सीए आहे, कंपन्यांचं ऑडिट करते. इथे कायद्याची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहितेय.

कस्टमर प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड असेल तर कंपनी अकाउंट्स रूल्समध्ये ऑगस्ट २०२२ ला दुरुस्ती झालीये. आधी बॅकअप ठराविक काळाने घ्यायचा असं होतं, आता रोजच्या रोज, आणि तो भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर. पुस्तकं इलेक्ट्रॉनिक ठेवली असतील तर सर्व्हिस प्रोव्हायडरचं नाव, आयपी ॲड्रेस आणि ठिकाण आरओसीला म्हणजे कंपनी रजिस्ट्रारला दरवर्षी कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग म्हणजे ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर लागतं आणि तो बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटरी किंवा पार्टनरशिप फर्मला हे नियम लागू नाहीत हेही लक्षात ठेवा, उगाच सगळ्यांना भीती घालून विकू नका.

आता तुमच्या कामाशी संबंध असा, की कस्टमर तुम्हाला विचारणार "तुमची कॉपी आहे म्हणजे आमचं रोजच्या बॅकअपचं झालं ना?" तर नाही झालं. रिपोर्टसाठी निवडक टेबलं उचलून बनवलेली कॉपी म्हणजे पुस्तकांचा बॅकअप नव्हे, त्यातून टॅली परत उभं राहत नाही. बॅकअपची वेगळी ओळ लावा, वेगळा भाव लावा, आणि महिन्यातून एकदा रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स जुळतो का बघून त्याची पीडीएफ कस्टमरला आणि आमच्यासारख्या ऑडिटरला पाठवा. मला अशी पीडीएफ कोणी पाठवली तर मी तो माणूस माझ्या बाकीच्या क्लायंटना आनंदानं सुचवीन.

दुसरं, पगाराची टेबलं. २०२३ चा डीपीडीपी कायदा आहे, वैयक्तिक डेटाची नीट काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटीपर्यंत जाऊ शकतो. कायद्यानं जबाबदार कस्टमर असतो, तुम्ही त्याच्या वतीनं प्रोसेस करणारे, पण त्यासाठी तुमच्यात रीतसर करार लागतो आणि कस्टमरचा वकील सगळं करारातून तुमच्यावर ढकलायला बघणार. कामगारांचे आधार नंबर, बँक खाती, मोबाइल नंबर तुमच्या क्लाउडवर कशाला पाहिजेत? मालकांना येणं आणि स्टॉक बघायचाय, तर पार्टी, इन्व्हॉइस, आयटम, गोडाऊन एवढंच उचला. जो डेटा तुमच्याकडे नाही तो तुमच्याकडून फुटू शकत नाही. आख्खा डेटाबेस कॉपी करणं सोपं पडतं म्हणून सगळे तेच करतात, ते फार वाईट आहे.

एडिसनहून

न्यू जर्सीत एका मॅनेज्ड सर्व्हिसवाल्या कंपनीत आहे, मूळचा साताऱ्याचा. इकडे हे मॉडेल बऱ्यापैकी रुळलंय म्हणून टूलच्या पार्टनरशिपबद्दल दोन गोष्टी सांगतो.

टूलचा भाव कशावर आहे ते बघा. फाइव्हट्रानसारख्यांचा भाव महिन्यात हललेल्या रोंवर असतो, म्हणजे जेवढ्या वेगवेगळ्या रो त्या महिन्यात नवीन आल्या किंवा बदलल्या तेवढं बिल. सरळ चाललेल्या महिन्यात ठीक. पण कस्टमरनी एका रात्रीत आख्ख्या आयटम मास्टरचे रेट बदलले किंवा कोणी एक अपडेट स्क्रिप्ट चालवून प्रत्येक रोला हात लावला की सगळ्या रो हलल्या, आणि तुम्ही कस्टमरला ठरलेली रक्कम सांगून बसलाय तर तो फरक तुमच्या खिशातून. त्यामुळे करारात लिहा की एका मर्यादेच्या वरचं बिल जसंच्या तसं कस्टमरला लागेल, किंवा डेबेझियमसारखं ओपन सोर्स स्वतः चालवा. ते फुकट आहे पण त्यातलं डेटा वाहून नेणारं काफ्का रात्री दोनला पडल्यावर उठणारा माणूस फुकट नाही.

दुसरं, ज्या दारातून डेटा काढताय ते दार कोणाच्या मालकीचं आहे? २०२४ ला एसएपीनी आपली एक नोट बदलून सांगितलं की ओडीपीचं आरएफसीवालं इंटरफेस (एसएपीतून डेटा बाहेर काढायची एक वाट) बाहेरच्या टूलनी वापरायला परवानगी नाही. हे मोठ्या एसएपीचं आहे, बिझनेस वनचं नाही, पण कित्येक टूलं त्याच रस्त्यानं डेटा काढत होती आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या कन्सल्टिंग कंपन्यांना कस्टमरसमोर उत्तरं शोधावी लागली. टूल कंपन्या पण हातोहात विकल्या जातात, अट्युनिटी २०१९ ला क्लिकनी घेतली, एचव्हीआर २०२१ ला फाइव्हट्राननी. म्हणून कस्टमरशी करार तुमच्या नावावर करा, त्यात टूलचं नाव घालू नका. काय पोचवणार, किती वेळात पोचवणार आणि जुळलेलं असणार एवढं लिहा. आतलं टूल उद्या बदलता आलं पाहिजे.

गोदाकाठचा_सर्व्हरवाला

बरंच शिकायला मिळालं, माझं बॅकअपवालं मत मागे घेतो. पण खरं सांगा, आमच्या नाशिकच्या अंबड सातपूरचा मालक ह्याचे महिन्याला पैसे देईल? त्याच्यासाठी ताईंचं एक्सेल फुकट आहे.

ताळमेळ

प्रत्येक मालक देणार नाही, आणि जो एका जागी एकच टॅली चालवतो त्याला विकूही नये. ज्याच्याकडे दोन किंवा जास्त सिस्टीम आहेत, ज्याच्या बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट लागतं, ज्याचा मोठा कस्टमर शेड्यूल चुकलं की डेबिट नोट काढतो, तो देतो, कारण त्याला उशिरा कळण्याची किंमत माहितीये.

भाव तुमच्या तासांवर काढा. समजा तुमच्या माणसाचा तास सगळा खर्च धरून ८०० रुपयांना पडतो आणि तीन सोर्सचं रोजचं बघणं, महिन्याचं रिस्टोअर, एखादं यूडीएफ हे धरून महिन्याला १५ तास लागतात. १२,००० झाले. क्लाउड आणि टूलचे ५,०००. त्यावर तुमचं मार्जिन धरून २२,००० ते २५,००० च्या मध्ये कुठेतरी या, वर १८ टक्के जीएसटी. हे उदाहरण आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. सुरुवातीचं बसवायचं बिल वेगळं, नवीन सोर्स आला तर वेगळं. रोंवर किंवा जीबीवर भाव लावू नका, मालकाला ते समजत नाही आणि न समजणाऱ्या बिलावर तो दर महिन्याला फोन करतो.

आणि उद्यम म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत रजिस्टर आहात ना? सूक्ष्म किंवा लघु असाल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे यायला हवेत, करार नसेल तर १५. इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) हे कलम आल्यापासून उशीर केला आणि वर्ष संपेपर्यंत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी मालकालाच मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा.

एक मात्र कळकळीनं सांगतो. कस्टमर सोडून गेला तर त्याची कॉपी, टेबलांची माहिती, पासवर्ड सगळं ठरलेल्या दिवसात नीट बांधून त्याच्या हातात द्या आणि आपल्याकडचं पुसल्याचं पत्र द्या. डेटा अडकवून कस्टमर टिकवायचा हा प्रकार आपल्या धंद्यात चालतो, मी पाहिलाय, त्यानं सगळ्या पार्टनरांवरचा विश्वास जातो. जायचं दार उघडं आहे हे पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं तर मालक सही लवकर करतो.

इंद्रायणीकाठ

खूप आभार सगळ्यांचे. ठरलंय असं, करार आमच्या नावानं, बॅकअपची ओळ वेगळी, पगाराचं टेबल उचलायचं नाही, यूडीएफला सही. आता दोन शंका. सुरुवात कधी करावी? मालक म्हणतायत लगेच करा. आणि ताळमेळ, तुम्ही रोजचं जुळवणं म्हणता त्यात नक्की काय काय जुळवता तेवढं टाकाल का, आमच्या पोराला तसंच शिकवतो.

जमाखर्च_ताई

सुरुवात २० तारखेनंतर करा, ११ ला जीएसटीआर वन आणि २० ला थ्री बी ही जीएसटीची रिटर्न झाली की अकाउंट्सवाले जरा मोकळे असतात. मार्चमध्ये तर हात पण लावू नका.

एसक्यूएल_आजोबा

पहिला पूर्ण लोड भोसरीच्या गुरुवारच्या सुट्टीला घ्या, बुधवारी सेकंड शिफ्ट सुटली की सुरू करा. सर्व्हरवर कोणी नसतं आणि काही अडलं तर शुक्रवार सकाळपर्यंत वेळ मिळतो.

ताळमेळ

शीट साधी आहे. रोज सकाळी मालकाच्या आधी आपल्या माणसानं उघडायची. एका बाजूला मूळ सिस्टीम, एका बाजूला कॉपी, मध्ये फरक.

टॅलीसाठी चालू वर्षाच्या प्रत्येक महिन्याची व्हाउचर टाइपप्रमाणे संख्या आणि रकमेची बेरीज. चालू महिन्याची एकट्याची नाही, सगळ्या महिन्यांची, कारण बॅकडेटेड. मग ट्रायल बॅलन्सचे ग्रुपचे आकडे, संड्री डेटर्स आणि संड्री क्रेडिटर्स पैशापर्यंत जुळले पाहिजेत. बिझनेस वनसाठी इन्व्हॉइस, क्रेडिट मेमो, डिलिव्हरी ह्यांची संख्या आणि टोटल, आणि गोडाऊनवार स्टॉकची संख्या. वेबसाइटसाठी ऑर्डर संख्या, कॅन्सल ऑर्डर वेगळ्या. खाली शेवटचा बदल कधी पोचला ती वेळ आणि डिस्क किती टक्के भरली ते.

फरक आला तर डॅशबोर्डच्या वर पिवळी पट्टी आपोआप लागली पाहिजे, "टॅलीचा डेटा काल रात्री ९ पर्यंतचा" अशी. मालकानं फोन करून विचारायच्या आधी त्याला स्क्रीनवर दिसू दे. आणि ज्या ताई आत्ता एक्सेल बनवतात त्यांनाच ही शीट तपासायला शिकवा, कुठल्या पार्टीचा आकडा कुठे असायला हवा हे त्यांच्याइतकं तिथे कोणाला माहीत नाही. पहिले दोन महिने त्यांचं एक्सेल आणि तुमची कॉपी शेजारी शेजारी चालू द्या, आणि त्या म्हणतील तेव्हाच एक्सेल बंद करा.